इंदूरचे पशुवैद्य: पागा, छावणी आणि दवाखाना

इंदूर शहरात कुत्रा किंवा मांजर पाळणाऱ्या कुटुंबाला आज कोणत्या पशुवैद्याकडे जावे असा प्रश्न पडतो, आणि पत्ता, खर्च, अनुभव, रात्रीची सोय अशा अनेक बाजूंनी त्याचा विचार केला जातो. परंतु हा प्रश्न मालकाने स्वतः विचारायचा आणि स्वतःच सोडवायचा, ही कल्पना या शहरात जेमतेम दोन पिढ्यांची आहे. त्याआधीच्या जवळजवळ दोन शतकांत जनावराला वैद्य मिळणार की नाही, आणि मिळाला तर तो कोण असणार, हे मालकाच्या इच्छेपेक्षा त्या जनावराचा राज्याला किती उपयोग आहे यावर ठरत असे. होळकरांच्या फौजेला घोडा हवा होता म्हणून घोड्याला वैद्य मिळाला, शेती आणि वाहतूक बैलावर चालत होती म्हणून सरकारने बैलासाठी दवाखाने काढले, आणि ज्याच्याकडून महसूल नाही व लढाईही नाही अशा कुत्र्याची पाळी सर्वांत शेवटी आली. इंदूरच्या पशुवैद्यकाचा इतिहास या क्रमाने वाचला, तर आजच्या दवाखान्यांची ताकद आणि त्यांच्यातील उणिवा या दोहोंचा उलगडा होतो.

घोड्यांच्या काळाच्या खुणा शहराच्या नकाशावर अजून शिल्लक आहेत. जिल्हाधिकारी कार्यालय ज्या भागात आहे त्याचे नाव मोती तबेला. जुन्या वस्तीतील एक मोहल्ला पागनीस पागा म्हणून ओळखला जातो. हाथीपाला हे नाव हत्तींची आठवण देते. पागा म्हणजे सरकारी घोड्यांचे पथक आणि त्याची ठाणबंदीची जागा, तर पागनीस म्हणजे त्या पागेचा हिशेब व हजेरी ठेवणारा अधिकारी. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. हा भेद केवळ पगाराचा नव्हता. बारगिराचा घोडा आजारी पडला तर नुकसान सरकारचे होते आणि उपचारही पागेतच होत. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याचे पोटच जाई, कारण घोड्याशिवाय त्याला चाकरी नव्हती. घोड्याचा रंग, खुणा, वय यांची नोंद दप्तरात ठेवण्याची आणि त्याच्या अंगावर डाग देण्याची पद्धत होती ती अदलाबदल व खोट्या हजेऱ्या रोखण्यासाठी, पण तिच्यामुळे प्रत्येक घोड्याची ओळख कागदावर आली, आणि आजच्या लसीकरण-पत्रिकेचा दूरचा पूर्वज शोधायचा झाला तर तो या दप्तरातच सापडेल.

या घोड्यांची देखभाल करणारे लोक तीन थरांत विभागलेले होते. रोजचा खरारा, दाणा, पाणी हे मोतद्दाराचे काम. खुरांची निगा आणि नाल ठोकणे नालबंदाचे. आणि रोगाचे निदान व औषध साळोतऱ्याचे, म्हणजे अश्ववैद्याचे, ज्याच्या विद्येचे मूळ परंपरेने शालिहोत्र नावाच्या ऋषीकडे नेले जाते. संस्कृतात या विद्येचे ग्रंथ होते. जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आणि पालकाप्याच्या नावावरचा ‘हस्त्यायुर्वेद’ हे त्यांतले प्रसिद्ध. हत्तींच्या रोगांवरचा हा दुसरा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापला. तथापि पागेत काम करणारा साळोतरी पोथी वाचत असेलच असे मानण्याचे कारण नाही. त्याची विद्या बापाकडून मुलाकडे आलेली, तोंडी आणि बहुधा गुप्त राखलेली असे. लंगडणाऱ्या घोड्याची चाल पाहून दुखरा सांधा ओळखणे, तापलेल्या लोखंडाने डाग देणे, शिरेतून रक्त काढणे, बांबूच्या नळीने काढा पाजणे, जखमेत हळद-तेल भरणे असे त्याचे उपाय होते. त्यांपैकी खुराची निगा आणि चालीचे निरीक्षण खरोखर पक्क्या अनुभवावर उभे होते, आणि लांब मजलांवर जगणाऱ्या यशवंतराव होळकरांच्या घोडदळाला त्याची गरजही तितकीच होती. संसर्गजन्य रोगापुढे मात्र साळोतरी हतबल होता. माश्यांच्या चाव्यातून पसरणारा ‘सरा’ हा घोड्यांना झिजवून मारणारा रोग रक्तातील सूक्ष्म परजीवीमुळे होतो, हे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली पंजाबात दाखवले, तोपर्यंत सगळे उपचार अंदाजानेच चालत.

प्राण्यांविषयीची दया आणि प्राण्यांची चिकित्सा यांत येथे फरक करावा लागतो, कारण होळकरांच्या संदर्भात या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात अहिल्याबाईंची लोकांच्या तोंडी असलेली कीर्ती नोंदवली आहे: महेश्वरजवळ नांगरणाऱ्या बैलांना थांबवून त्यांना पाणी पाजण्यासाठी बाईंची माणसे हिंडत, आणि पिकांवरून हाकलल्या जाणाऱ्या पाखरांसाठी त्यांनी उभी शेते विकत घेऊन मोकळी सोडली होती. ही दयेची व्यवस्था होती, उपचाराची नव्हे. पांजरपोळ या संस्थेचेही तेच. मुंबईत कुत्रे मारण्याच्या मोहिमेवरून १८३२ साली दंगल झाली आणि १८३४ साली जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांनी तेथे पांजरपोळ उभारली, तरी तेथे जनावराला मुख्यतः आसरा मिळे, निदान नव्हे. होळकर घराणे धनगरांचे, कुलदैवत जेजुरीचा खंडोबा आणि खंडोबाबरोबर कुत्रा, हे सर्व खरे असले तरी त्यातून कुत्र्यासाठी दवाखाना निघाला नाही. रायगडावरचे, शिवाजी महाराजांचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वाघ्या कुत्र्याचे शिल्प १९३६ साली बसले आणि त्यासाठी इंदूरच्या होळकरांच्या देणगीचा उल्लेख केला जातो; वाघ्याला समकालीन पुरावा नाही हा वाद वेगळा, पण कुत्र्याचे स्मारक त्याला नियमित लस मिळण्याच्या आधी आले हे लक्षात घेण्याजोगे आहे.

डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला इंग्रजांकडून झालेला होळकरांचा पराभव आणि जानेवारी १८१८ मधील मंदसोरचा तह यांनी चित्र पालटले. राजधानी इंदूरला आली, होळकरांची फौज आटली, आणि शहरापासून सुमारे २३ किलोमीटरवर महू येथे इंग्रजांची छावणी पडली. पागा आटल्या म्हणजे साळोतऱ्यांचा मुख्य धनी गेला. त्याच वेळी महूच्या छावणीत घोडदळ आणि तोफखाना यांच्याबरोबर पलटणीचा पशुवैद्य आला, जो नोकरीने सैन्याचा होता आणि ज्याचे शिक्षण कुटुंबात नव्हे, संस्थेत झाले होते. लष्करी पशुवैद्यकाचे शिक्षण हिंदुस्थानात १८६२ साली पुण्यात सुरू झाले ते अशा माणसांना हाताखालचे लोक मिळावेत यासाठी. छावणीचा पशुवैद्य गावातल्या टांगेवाल्याच्या उपयोगाचा नव्हता. त्याचा संबंध बाहेरच्या घोड्याशी आला तर तो रोगाचा संशयित म्हणून. ग्लँडर्स हा नाकातून शेंबूड, त्वचेवर गाठी आणि फुफ्फुसात व्रण करणारा रोग घोड्यांपासून माणसालाही होतो, आणि त्याविषयीचा १८९९ चा कायदा बाधित घोडा ताब्यात घेऊन मारण्याचा अधिकार देत असे. कायद्याच्या नजरेस जनावर आधी धोका म्हणून पडले आणि रुग्ण म्हणून नंतर; पुढे कुत्र्याच्या बाबतीत याच क्रमाची पुनरावृत्ती झाली.

नागरी पशुवैद्यकाची वाट मुंबईहून आली. मुंबईत प्राण्यांशी होणारे क्रौर्य रोखणारी संस्था १८७४ साली स्थापन झाली होती. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला जोडून १८८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, ज्याचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील होते. त्याच सुमारास इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून खांडवा ते इंदूर रेल्वे झाली होती, त्यामुळे लाहोर किंवा कलकत्त्यापेक्षा परळचे महाविद्यालय माळव्याला जवळचे झाले. तेथून बाहेर पडणाऱ्याच्या नावापुढे ‘जी. बी. व्ही. सी.’ ही अक्षरे लागत, म्हणजे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचा पदवीधर, आणि मध्य व पश्चिम हिंदुस्थानात अर्धशतकाहून अधिक काळ या चार अक्षरांना प्रतिष्ठा होती, जरी मुंबई विद्यापीठाची रीतसर पदवी या शिक्षणाला १९४०च्या दशकात मिळाली. परळचे रुग्णालय आणि महाविद्यालय एकाच आवारात असणे ही या सर्व इतिहासातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणावी लागेल, कारण विद्यार्थ्याला तेथे पलटणीचा निवडक घोडा नव्हे तर रस्त्यावरचा थकलेला बैल, टांग्याचा घोडा आणि घरचा कुत्रा असे सर्व रुग्ण पाहावे लागत.

संस्थानी इंदूरची अर्थव्यवस्था मात्र बैलावर उभी होती. अफू, कापूस, धान्य आणि पुढे गिरण्यांचा माल गाड्यांवर हलत असे. माळव्याच्या काळ्या जमिनीला माळवी बैल, नर्मदेच्या दक्षिणेकडे निमाडी बैल. या जनावरांचा मोठा शत्रू बुळकांडी, म्हणजे ताप, तोंडात व्रण आणि रक्ती हगवण होऊन आठवड्याभरात मारणारा विषाणुजन्य रोग. त्याच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात स्थापन झालेली जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा पुढे कुमाऊंमधील मुक्तेश्वरला हलली, आणि तेथे १९२०च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी शेळीत वाढवलेल्या विषाणूची लस तयार केली. खेड्यापाड्यांतील माणसाला गुरांचा डॉक्टर प्रथम भेटला तो लस टोचणारा सरकारी माणूस म्हणून. बुळकांडीचे निर्मूलन हे भारतीय पशुवैद्यकाचे सर्वांत मोठे यश. भारत २००६ साली आणि जग २०११ साली या रोगापासून मुक्त जाहीर झाले.

मुक्तेश्वरची लस तयार होत होती त्याच काळात खुद्द इंदुरात रोगाला केवळ लसीने उत्तर देण्याच्या विचारसरणीविरुद्ध एक उलटा आवाज उठला होता, आणि तो पशुवैद्याचा नव्हता. वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ साली इंदूर दरबाराने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर वनस्पती उद्योग संस्था सुरू केली, आणि १९३१ पर्यंत तेथे राहून गोठ्यातील शेण, मूत्रात भिजलेली माती व पालापाचोळा यांपासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ बसवली. तिचे वर्णन करणारे पुस्तक त्यांनी यशवंत वाड यांच्यासह १९३१ साली लिहिले. हॉवर्ड यांचा दावा असा की सुपीक जमिनीवर वाढलेला चारा खाणारे बैल रोगाला बळी पडत नाहीत. पूसा येथील आपले बैल लाळ-खुरकुताने आजारी असलेल्या शेजारच्या जनावरांशी नाक घासूनही निरोगी राहिले, असे ते सांगत. हे मत जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. लाळ-खुरकुताचा विषाणू धष्टपुष्ट जनावरालाही गाठतो, आणि देशी बैलांत तो अनेकदा सौम्य राहतो, ही गोष्ट हॉवर्ड यांच्या हिशेबात पुरेशी आलेली दिसत नाही. तरीही गोठा, चारा आणि जमीन यांना रोगापासून वेगळे करता येत नाही हा त्यांचा आग्रह केवळ सुईवर भिस्त ठेवणाऱ्या खात्याला आवश्यक उतारा होता. दुर्दैवाने त्यांची खतपद्धत जगभर गेली आणि गोठ्याविषयीचे म्हणणे मागे राहिले.

संस्थान १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले. त्याच वर्षी जबलपूरला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले होते. मध्य भारताच्या वाट्याचे महाविद्यालय १९५५ साली महूला, रसलपुरा येथे सुरू झाले, म्हणजे जेथे एके काळी केवळ पलटणीच्या घोड्यांना वैद्य होता त्याच गावात माळव्याच्या मुलांना ही विद्या मिळू लागली. पुढे १९६४ पासून ते जबलपूरच्या कृषी विद्यापीठाकडे आणि २००९ पासून नानाजी देशमुख यांच्या नावाने जबलपुरात स्थापन झालेल्या पशुवैद्यक विद्यापीठाकडे गेले; हिंगोली जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाचे नाव मध्य प्रदेशातील या विद्यापीठाला आहे, ही मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसलेली बाब. इंदूरच्या आजच्या बहुसंख्य पशुवैद्यांचा या ना त्या मार्गाने महूशी संबंध येतो. परंतु या महाविद्यालयाचा जन्म गाय, म्हैस, बैल, कोंबडी यांच्यासाठी झाला होता. दूध आणि शेती वाढवणे हे सरकारचे ध्येय, आणि सरकारी नोकरी हे पदवीधराचे ध्येय. कुत्र्याची शस्त्रक्रिया अभ्यासक्रमात होती, पण ती पोटापाण्याची वाट नव्हती.

रामबाग, लोकमान्यनगर किंवा जुन्या इंदूरच्या वाड्यांतील मराठी घरांत कुत्रा असे तो अंगणात, उरलेल्या भाकरीवर, आणि त्याला औषध म्हणजे घरचे हळद-तेल. त्याच्याविषयी खरी चिंता एकच: तो पिसाळला तर काय. पाश्चर यांची रेबीजवरची लस माणसावर १८८५ साली वापरली गेली. हिंदुस्थानात ती देणारी संस्था १९०० साली कसौलीला निघाली, तेथेच १९११ साली डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली, आणि पोटावर चौदा इंजेक्शने ही भारतीय माणसाच्या मनात बसलेली धास्ती त्याच लसीची. तिचा वापर २००४ च्या अखेरीपर्यंत संपला. चावा घेतलेल्या माणसासाठी एवढी यंत्रणा उभी राहत असताना कुत्र्याला लस टोचण्याची सवय मात्र फार सावकाश आली, आणि भटका कुत्रा मारणे हाच नगरपालिकांचा उपाय राहिला, तो २००१ च्या प्राणी जन्म-नियंत्रण नियमांनी बदलला. २०२३ साली त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली.

बदलाला खरी चालना १९८०च्या दशकात मिळाली. रक्ती जुलाबाने पिल्लांना दोन-तीन दिवसांत मारणारा पार्व्हो विषाणू जगात १९७८ साली ओळखला गेला आणि भारतात त्याची नोंद १९८२ साली झाली. लस न दिलेले पिल्लू जगवणे कठीण आहे हे विकत कुत्रा आणणाऱ्या कुटुंबाला लवकरच कळले, आणि खाजगी दवाखान्याला पहिले नियमित गिऱ्हाईक मिळाले ते लसीसाठी. त्यातच फॅशनचा भाग आला. पांढरा, केसाळ, ‘पामेरियन’ म्हणून विकला जाणारा कुत्रा प्रत्यक्षात इंडियन स्पिट्झ. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मुळे तो घराघरांत हवासा झाला. २००३ नंतर मोबाइलच्या जाहिरातीने पग आणला, ज्याच्या आखूड नाकाला माळव्याचा मे महिना सोसत नाही, आणि ज्याच्या श्वसनाच्या तक्रारी गोठ्याच्या वैद्यकात कधी आल्याच नव्हत्या. पलासिया, विजयनगर यांसारख्या नव्या वस्त्यांमधील छोट्या प्राण्यांचे दवाखाने या गरजेतून वाढले, तर जुने सरकारी दवाखाने मुख्यतः गुरांचेच राहिले.

निवडीचा आधार कायद्याने दिला तो १९८४ साली. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने, ज्याचा स्वीकार राज्यांनी टप्प्याटप्प्याने केला, पदवी आणि राज्य परिषदेतील नोंदणी असलेल्यालाच पशुवैद्य म्हणून व्यवसाय करता येईल असे ठरवले; पदविकाधारक सहायकांना मलमपट्टी, लसीकरण यांसारख्या किरकोळ सेवा नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली करता येतात. आजची पदवी साडेपाच वर्षांची आहे आणि तिचे शेवटचे वर्ष प्रत्यक्ष दवाखान्यात काम करण्याचे. साळोतऱ्याची ओळख त्याच्या बापाच्या नावाने पटत असे, आजच्या पशुवैद्याची त्याच्या नोंदणी क्रमांकाने पटते, आणि इंदूरच्या कुटुंबाने प्रथम विचारावे ते हेच. त्याखालोखाल महत्त्व आहे ते दवाखान्यात लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये साठवली जाते का, पत्रिकेवर लसीच्या कुपीचे लेबल चिकटवले जाते का, भूल देताना जनावरावर लक्ष ठेवणारा दुसरा माणूस असतो का, आणि हाताबाहेरचा रुग्ण पुढे कोठे पाठवला जातो, या प्रश्नांना. दिव्यांचा झगमगाट, विकायला ठेवलेले पट्टे आणि शांपू यांवरून दवाखाना निवडणे म्हणजे पगसारखी फॅशनच. गोचिडांपासून होणारे एर्लिकिओसिस आणि बॅबेसिओसिस हे रक्ताचे रोग भारतीय कुत्र्यांत नेहमीचे असल्याने रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा साधा दवाखाना हा तपासणीविना इंजेक्शन देणाऱ्या भपकेदार दवाखान्यापेक्षा केव्हाही बरा. शहरातील दवाखान्याच्या आवाक्याबाहेरच्या रुग्णासाठी महूच्या महाविद्यालयाचे चिकित्सालय आहे, आणि फिरत्या पशुचिकित्सा वाहनासाठी मध्य प्रदेशात २०२३ पासून १९६२ हा दूरध्वनी क्रमांक चालू आहे.